मोटर, पंखा आणि कलम सात

सहा फूट लांबीची, अडतीस किलो वजनाची, बॅटरीवर चालणारी आणि काठावरून रिमोटनं वळवायची बोट पाण्यात सोडायची असेल, तर तिला मोटर लागते, पाणी मागे ढकलणारा पंखा लागतो आणि या दोघांना जोडणारा शाफ्ट लागतो. इथपर्यंत आमच्या नौका-प्रतिकृती मंडळात मतभेद नाहीत. मतभेद यापुढे सुरू होतात आणि ते नीट टिकून राहावेत म्हणून मंडळानं एक तांत्रिक समिती नेमली आहे. मी तिचा अध्यक्ष आहे. त्याआधी एकतीस वर्षं मी एका कार्यालयाच्या जावक विभागात होतो. माझ्या हातून एकही पत्र कधी चुकीच्या पत्त्यावर गेलं नाही, कारण पत्ता पुरता तपासून झाल्याशिवाय मी पत्र जाऊच देत नसे. काही पत्रं अजून तिथेच असतील.

मी स्वतः बोट बांधलेली नाही. काही नतद्रष्ट सभासद हे टोमणा म्हणून बोलतात. न्यायाधीशानं आधी दोन-चार चोऱ्या करून बघाव्यात असं कुणी म्हणत नाही, मग माझ्याकडूनच ही अपेक्षा का? मंडळाच्या तीन बोटी काचेच्या कपाटात आहेत. त्यांना तेवीस वर्षांत पाण्याचा थेंब लागलेला नाही, त्यामुळे त्या अजून नव्याकोऱ्या दिसतात. पाण्यानं बोटीचं किती नुकसान होतं, हे पाण्यात उतरणाऱ्यांना सांगून पटत नाही.

पाणीपुरवठा खात्याचा एक जुना तलाव मंडळाकडे करारानं आहे. भोवती तारेचं कुंपण, कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप आणि कुलपाची किल्ली माझ्या कमरेला. गावात दुसरं स्थिर पाणी नाही. नदी आहे, पण ती कुणाचं ऐकत नाही.

अशा सुरळीत चाललेल्या कारभारात एका शनिवारी एक बाई आली. शिलाई मशीन दुरुस्त करायचं तिचं दुकान होतं. बोटांच्या पेरांत तेल मुरलेलं, खांद्याला पिशवी, आणि बसा म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसायची सवय. तिचे वडील पूल व्हायच्या आधी नदीवर माणसं पोहोचवणारी लाँच चालवायचे. चाळीस वर्षं त्यांनी या काठावरची माणसं त्या काठावर नेली. पूल झाला तशी लाँच भंगारात गेली. लेकीनं तिची प्रतिकृती बांधली होती. तिनं फोटो दाखवले. फळ्यांचं छप्पर, कडेला लोंबणारे टायर, पुढच्या टोकाला एक पोचा.

"पोचा कशाला?" मी विचारलं.

"खऱ्या लाँचला होता. धक्क्यावर आपटून बाबांनीच पाडला होता," ती म्हणाली. "बाबांच्या डोळ्यांच्या शिरा सुकत चालल्यात हो. डॉक्टर म्हणाले, फार तर तीन महिने दिसेल, मग अंधार. त्यांना ही एकदा पाण्यावर चालताना बघायचीय. मोटर मी बघून ठेवलीय. बॅटरीच्या जुन्या स्कूटरची आहे, चोवीस व्होल्टची. मशीनचा पट्टा लावून फेरे निम्मे करते आणि पाच इंची पितळी पंखा बसवते. चालेल ना?"

समितीला असं विचारायचं नसतं. 'चालेल ना' या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं, आणि एका शब्दाखाली अकरा सदस्यांच्या सह्या मावत नाहीत. मी तिला अर्जाचा नमुना दिला आणि नियमावलीतलं कलम सात वाचून दाखवलं. ते माझंच अपत्य आहे, त्यामुळे मला पाठ आहे. मोटरची निवड पंख्याच्या व्यासानुसार करावी. पंख्याचा व्यास मोटरच्या फेऱ्यांनुसार ठरवावा. एकाची मंजुरी झाल्याखेरीज दुसऱ्याचा विचार करू नये.

तिनं नमुना उलटून पाहिला. "मग सुरुवात कुठून करायची?"

"अर्जापासून," मी म्हणालो.

तिनं अर्ज भरला. सोबत डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला जोडला. समितीनं तो वाचला आणि त्यावर शेरा मारला: दाखला पाहिला. त्यात मोटरचा उल्लेख आढळला नाही.

मोटर उपसमितीचे प्रमुख आमचे व्होल्टकाका. वीज मीटरची नोंद घेण्यात त्यांचा जन्म गेला, म्हणून विजेतलं त्यांना सगळं कळतं असं त्यांचं मत आहे. त्यांच्या दाराची बेल सहा वर्षं वाजत नाही, आलेल्यानं कडी वाजवायची. पंखा उपसमिती दंतवैद्यांकडे आहे. फिरणाऱ्या बारीक वस्तूंचा त्यांना पंचवीस वर्षांचा अनुभव असून, एवढ्या काळात समोरच्याला तोंड उघडून बोलू देण्याची वेळ त्यांच्यावर आलेली नाही.

मशीनवाली आधी व्होल्टकाकांकडे गेली. ते म्हणाले, पंख्याचा मंजुरी क्रमांक आणा. ती दंतवैद्यांकडे गेली. ते म्हणाले, मोटरचा आणा. ती पुन्हा काकांकडे गेली. असे पाच आठवडे गेले. या काळात तिनं कुठेही आवाज चढवला नाही, हे मी तिच्या फाइलीत चांगल्या शब्दांत नोंदवलं आहे. सहाव्या आठवड्यात मात्र ती माझ्या घरी आली आणि दारातच म्हणाली, "साहेब, दोघांना एका टेबलाशी बसवा ना. एकदमच सही करतील."

सूचना बाहेरची होती, तरी मी मोठ्या मनानं ती मान्य केली. संयुक्त सभा भरली. दोघांनी पेनं उघडली. काका म्हणाले, आधी तुम्ही. दंतवैद्य म्हणाले, छे छे, आधी तुम्ही. आमच्या मंडळात एकमेकांचा मान फार ठेवतात. पाऊण तास दोघे उघडी पेनं धरून बसले होते. शेवटी दंतवैद्यांच्या पेनातली शाई वाळली आणि सभा तहकूब झाली.

बाई भिंतीशी बसली होती. ती म्हणाली, "मी दुकानात रोज हेच करते हो. मोटर लावायची, पाय दाबायचा, सुई जड चालली तर पुली बदलायची. पाण्यातही तसंच करू. पाच इंची जड पडला तर साडेचार लावू."

"म्हणजे करून बघायचं?" काकांनी विचारलं.

"हो."

करून बघण्याची सवय माणसाला एकदा लागली की मग तो विचारायला येत नाही, आणि कुणी विचारायलाच आलं नाही तर समितीनं काय माश्या मारायच्या? मी तिला समजावलं की, बाई, शिलाई मशीन वेगळं आणि नौकानयन वेगळं, आपण उगाच हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नये.

या सभेतून निष्पन्न काहीच झालं नाही असं मात्र नाही. व्यासाचा प्रश्न अडला होता, म्हणून आम्ही पात्यांचा घेतला. पंख्याला दोन पाती असावीत की तीन, यावर दोन तट पडले. दोनवाले म्हणाले वेग येतो. तीनवाले म्हणाले ओढ येते. दोन्ही तटांत पाच-पाच जण, आणि अध्यक्षाचं मत मी राखून ठेवलं, कारण मत दिलं की ते खर्ची पडतं. अखेर सामोपचारानं अडीच पात्यांवर एकमत झालं. टाळ्या वाजल्या. तेवीस वर्षांतला आमचा हा पहिला एकमुखी ठराव. पितळेचं ओतकाम करणाऱ्या कारागिराकडे तो पाठवला तर त्या उर्मट माणसानं उलट निरोप धाडला की, उरलेलं अर्धं पातं तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात बसवायचं ते कळवा. त्याला आम्ही काळ्या यादीत टाकलं.

दोन महिने संपत आले होते. बाईनं तिचीच मोटर, पट्टा आणि तीन पात्यांचा पंखा एका फळीवर जोडून आणला आणि म्हणाली, "निदान तपासून तरी घ्या."

चाचणीला आमची हरकत नव्हती. पण मंजुरीपूर्वी कोणताही भाग पाण्यात घालता येत नाही, म्हणून चाचणी मंडळाच्या खोलीत, टेबलावर, कोरडी घेतली. बाईनं बटण दाबलं. पंखा फिरला. समितीच्या टिपणांचे कागद उडाले, त्यातले दोन खिडकीबाहेर गेले. अहवाल दंतवैद्यांनी लिहिला: सदर पंख्यानं चाचणीच्या पूर्ण वेळेत पाणी अजिबात मागे ढकललं नाही. सबब अनुत्तीर्ण.

"पाणी होतं कुठे?" बाईनं विचारलं.

"तो प्रश्न पाणी उपसमितीचा," दंतवैद्य म्हणाले.

तिनं फळी उचलली. तिचे डोळे भरले होते, पण ती बोलली ते शांतपणे. "काल बाबांनी माझ्या मुलीला माझ्या नावानं हाक मारली. आता चेहरे नाही ओळखू येत. उजेडात आकार तेवढे दिसतात. तुम्ही फक्त फाटक उघडा. दहा मिनिटं. बुडली तर माझी बुडेल."

मी काही दगड नाही. मी ताबडतोब तिचं प्रकरण तातडीच्या लाल फाइलीत घातलं. तातडीच्या कामांत घाईनं चुका होतात, हे जावक विभागात मी फार पाहिलं आहे. म्हणून आमची लाल फाइल साध्या फाइलींच्या नंतर, तिमाहीच्या शेवटच्या शनिवारी, सगळे निवांत असताना उघडली जाते.

घरी हे सांगितलं तर बायको भाजी निवडायची थांबली. "अहो, उघडा ना ते फाटक. तुमच्या बापाचं काय जातंय?"

"प्रश्न फाटकाचा नाही, पायंड्याचा आहे," मी म्हणालो. "आज हिला उघडलं तर उद्या कुणीही बोट बांधून आणेल."

"मग बोटीच्या मंडळात काय कणसं आणायची?"

बायकांना संस्थात्मक काम कळत नाही. मी जेवायला वाढ म्हणालो. ती म्हणाली, आधी अर्ज करा. त्या दिवशी मला दूध पिऊन झोपावं लागलं, पण पायंडा पडला नाही.

शेवटच्या शनिवारी लाल फाइल उघडली. त्यात सर्वांत वर बाईची चिठ्ठी होती, मशीनच्या सुयांच्या पाकिटावर लिहिलेली. बाबांना आता काहीच दिसत नाही. पण कान चांगले आहेत. माझी स्कूटरची मोटर पट्ट्यावर घरघरते, तो आवाज त्यांना दुकानात ऐकवला तर म्हणाले, आपल्या लाँचसारखा येतो. ती मोटर लावू द्या. बघणं राहिलं, निदान पाण्यावरून जाताना ऐकतील तरी.

चिठ्ठी वाचताना व्होल्टकाकांचा आवाज जरा कापरा झाला. आम्हीही माणसं आहोत. सर्वानुमते एक मिनिट स्तब्ध राहून आम्ही सहानुभूती व्यक्त केली आणि कामाला लागलो.

अडचण अशी की मूळ अर्जात 'उद्देश' या रकान्यात तिनं 'वडिलांना दाखवणे' असं लिहिलं होतं. आता ते 'वडिलांना ऐकवणे' झालं. उद्देश बदलला की अर्ज बदलतो. नवा अर्ज करायचा तर पुन्हा कलम सातपासून सुरुवात. शिवाय आवाज म्हटला की ध्वनी आला आणि ध्वनीसाठी आमच्याकडे उपसमितीच नव्हती. ही फार मोठी त्रुटी बाईच्या चिठ्ठीमुळे उघड झाली, त्याबद्दल तिचे आभार मानणारा ठराव झाला आणि त्याच बैठकीत ध्वनी उपसमिती स्थापन झाली. प्रमुखपद मी नाइलाजानं स्वीकारलं.

यानंतर जे घडलं त्याची मंडळाच्या इतिहासात तोड नाही. आजवर आमच्यावर दिरंगाईचा आरोप होत आला. आम्ही ठरवलं की या दुर्दैवी कुटुंबासाठी सगळं बाजूला ठेवायचं. मी स्वतःच्या अधिकारात कलम सात चार दिवस स्थगित केलं. मोटर आणि पंखा एकाच दिवशी मंजूर झाले. रात्रंदिवस फोन चालू होते. व्होल्टकाकांनी कुठून तरी ब्रश नसलेली, पाण्यानं थंड राहणारी, उत्तम मोटर मिळवली. पट्टा काढून टाकला. शाफ्टला रबरी कपलिंग लावलं, नळीत घट्ट ग्रीस भरलं. दंतवैद्यांनी पंख्याची पाती आपल्या दवाखान्यातल्या यंत्रावर दोन दिवस घासून अशी गुळगुळीत केली की हात लावला तर कळू नये. बाईकडून मागवून घेतलेल्या बोटीच्या पोटात आतून कापूस आणि फोम ठासला. असं काम करताना आम्हाला कुणी पाहिलं नव्हतं. आम्हीही पाहिलं नव्हतं.

बाईला बोलावून मी सांगितलं, "येत्या शनिवारी फाटक उघडेल. जुन्याच अर्जावर. समितीनं ठरवलेली मोटर, समितीनं ठरवलेला पंखा."

"माझी मोटर?"

"ती तुमच्या नव्या अर्जात धरू. त्याला साधारण एक वर्ष लागेल."

तिनं मान खाली घातली. मग तिनं विचारलं, "या मोटरचा आवाज येतो ना?"

"बाई," मी अभिमानानं म्हणालो, "अजिबात येणार नाही. लेखी हमी देतो."

ती हसली की काय झालं तिला, मला नीट कळलं नाही. तिनं सही केली. एक वर्ष थांबण्याइतका वेळ थकलेल्या वडिलांकडे नसेल, हे ती बोलली नाही, पण ते वडिलांकडे बघून कुणालाही कळलं असतं.

शनिवारी वाऱ्याचा मागमूस नव्हता. मी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. तेल घातल्यावर पाचव्या प्रयत्नात उघडलं. बाई वडिलांचा हात धरून काठापर्यंत आली. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि डोक्यावर लाँचवाल्याची जुनी टोपी होती. तिनं त्यांना लोखंडी खुर्चीवर बसवलं. म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली आणि पाणी ज्या बाजूला होतं तिकडे बरोबर तोंड केलं.

बोट सुटली. मला कबूल केलं पाहिजे, मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. अडतीस किलोची ती लाँच, टायर, छप्पर, पोचा यांच्यासकट, पाण्यावरून निघाली. आवाज नाही, थरथर नाही. ध्वनी उपसमितीसाठी मी मागवलेल्या ध्वनिमापकाचा काटा हलला नाही. व्होल्टकाकांनी माझा हात दाबला. दंतवैद्यांनी चष्मा पुसला.

"सोडली का गं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"सोडली बाबा."

"कुठाय?"

"तुमच्या समोरून चाललीय."

त्यांनी मान तिरकी करून कान पाण्याकडे केला. बोट पुढून गेली, वळली, पुन्हा पुढून गेली. ते तसेच ऐकत राहिले. मग लेकीचा आधार न घेता ते खुर्चीवरून खाली उतरले, गुडघे टेकले आणि उजवा हात पाण्याकडे नेला. लाट आली तर हाताला लागेल, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

काठावर मंडळाचा फलक आहे. पाण्यास स्पर्श करू नये. मी तो त्यांना वाचून दाखवला. सौम्यपणेच वाचला. त्यांनी हात लगेच मागे घेतला आणि म्हणाले, "माफ करा साहेब, दिसलं नाही." शिस्तीचा माणूस. चाळीस वर्षांत लाँचमध्ये एक माणूस जास्त घेतला नसेल.

"आली का परत?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

बाईनं रिमोट खाली ठेवला. बोट काठाला टेकली होती. "आली बाबा."

"छान चालली असेल," ते म्हणाले.

मी फाटक लावून घेतलं. बाईनं नवा अर्ज पुढे कधी भरला नाही, त्यामुळे ते प्रकरण आमच्या बाजूनं निकाली निघालं आहे. मंडळानं समितीच्या अभिनंदनाचा ठराव केला. मी सगळा वृत्तांत मंडळाच्या ग्रुपवर टाकला, त्यावर आजवर एकशे चौदा उत्तरं आली. मोटरला फेरे जास्त झाले, पंखा अर्धा इंच मोठा हवा होता, ग्रीस चुकीचं वापरलं. म्हाताऱ्याबद्दल एकानंही विचारलं नाही. त्याबद्दल मला काही वाटलं नाही, कारण ग्रुप तांत्रिक आहे.

आता तुमचं. एवढं वाचेपर्यंत तुम्ही गप्प बसला नसाल, हे मी जाणून आहे. तिनं सरळ कुलूप तोडायला हवं होतं. नदीच्या कडेला शांत जागा बघायला हवी होती. वर कुणाकडे तरी तक्रार करायला हवी होती. समितीच्या नाकावर टिच्चून स्वतःची मोटर लावायला हवी होती. सूचना चांगल्या आहेत, सगळ्याच. खुर्चीत बसून सुचलेल्या, स्वतःला काही करायला न लावणाऱ्या आणि वेळ निघून गेल्यावर आलेल्या. आम्हाला अशाच माणसांची गरज असते. तुमचं नाव मी समितीच्या सल्लागार सदस्यांत लिहून घेतलं आहे. वेगळा अर्ज करायची गरज नाही.